हायब्रीड मोटारीचा जमाखर्च

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या घरात नवा नाही. आजीच्या तोंडी तो ज्वारीसाठी असतो. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि पुढे खेड्यापाड्यांतून संकरित ज्वारीला लोक नुसते ‘हायब्रीड’ म्हणू लागले. त्यामुळे माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, आता हायब्रीड गाडीवर जाणार असे घरात कळले तेव्हा आजीने सरळ विचारले, “म्हणजे पिकतं जास्त अन् चव कमी, असंच ना?”

कला शाखेच्या विद्यार्थिनीला मोटारीच्या यंत्राशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. त्याचे कारण घरगुती आहे. आण्णा सातवीपर्यंत शिकले. सव्वीस वर्षे त्यांनी गाडी चालवली. आधी दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात भाजीचा टेम्पो आणि नंतर यात्रेकरूंची गाडी. गाडी त्यांची नव्हे, मालकांची. मालकांनी नवी पेट्रोल-हायब्रीड गाडी घेतली आणि आण्णांच्या हाती दिली. गाडीबरोबर आले जाडजूड इंग्रजी पुस्तक. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मला तरी त्यातले शब्द कळत होते, अर्थ कळत नव्हता. मग आपल्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सरांना मी मधल्या सुट्टीत गाठू लागले, आणि सुट्टीच्या दिवशी आण्णांच्या शेजारी बसून गाडी काय करते ते वहीत टिपू लागले. मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

पहिल्याच दिवशी पंचवटी कारंजावर फजिती झाली. सवारी बसली, सामान चढले. आण्णांनी ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले. आवाज नाही, थरथर नाही. गाडी सुरू झाली नाही असे वाटून त्यांनी पुन्हा बटण दाबले. अर्थात सुरू झालेली गाडी बंद झाली. असे तीनदा झाले. मागून सवारीतील एक गृहस्थ म्हणाले, “ड्रायव्हरसाहेब, नवीन आहात का?” सव्वीस वर्षे चाक हातात धरलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटले असेल ते मी घरी त्यांच्या जेवणावरून ओळखले.

खरे म्हणजे समोरच्या काचेत ‘रेडी’ अशी अक्षरे उजळली होती. हायब्रीड गाडीत ‘सुरू’ याचा अर्थ इंजिन चालू असा नसून गाडी निघण्यास तयार असा आहे. इंजिन चालू करायचे की नाही, केव्हा आणि किती वेळ, हे चालक ठरवीत नाही. गाडीतील संगणक ठरवतो. चालकाचा पाय फक्त मागणी नोंदवतो. आण्णा आजवर कानाने गाडी चालवत आले. इंजिन कुरकुरले की खालचा गिअर, मोकळे झाले की वरचा. आता तोच आवाज पायाचे ऐकेनासा झाला होता. सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन गप्प. द्वारकेच्या चौकात त्यांना गाडी बंद पडल्याचा भास होई. आणि कधी उभ्या गाडीत, कोणी काही केलेले नसताना, इंजिन आपोआप चालू होई. आण्णा म्हणत, “हिच्या अंगात येतं.”

हे ‘अंगात येणे’ समजून घ्यायचे तर एक गोष्ट आधी पक्की करावी लागते. ज्या गाडीला बाहेरून विजेची तार जोडता येत नाही, अशा हायब्रीडमधील वीज एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून येत नाही. ती सगळी शेवटी पेट्रोलमधूनच येते. गल्लीतला प्रत्येक जण आण्णांना विचारी, “चार्जिंग कुठे करता?” उत्तर असे, की करावे लागत नाही आणि करताही येत नाही. मग दोन यंत्रे ठेवून फायदा काय? एकाच मिळकतीचे दोन खिसे केल्याने पैसे वाढतात का? अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला पडणारा हा पहिला प्रश्न. पैसे वाढत नाहीत, पण उधळपट्टी थांबते, हे त्याचे उत्तर.

उधळपट्टी दोन ठिकाणी होते. एक, ब्रेकमध्ये. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली दोन टनांची गाडी थांबवली, की वीजबिलावरच्या एका युनिटाचा सुमारे अठरावा भाग ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. आकडा लहान दिसतो; पण मालेगाव स्टँडपासून मुंबई नाक्यापर्यंत किती वेळा थांबावे लागते ते आपण सर्व जाणतो. हायब्रीडमध्ये ब्रेकवर हलका पाय ठेवला की आधी मोटर उलटे काम करते, म्हणजे चाकांकडून फिरवून घेऊन वीज तयार करते आणि बॅटरीत टाकते. पाय जोरात दाबला तरच नेहमीचे ब्रेक मोठा वाटा उचलतात. दुसरी उधळपट्टी इंजिनाची. पेट्रोल इंजिन मध्यम ओझ्याखाली काटकसरीने चालते. उभ्याने गुरगुरताना किंवा मुंगीच्या गतीने सरकताना ते पेट्रोल पिते आणि काम जवळजवळ काहीच करीत नाही. हायब्रीडमध्ये अशा वेळी इंजिन बंद ठेवून मोटर गाडी सरकवते, आणि इंजिन चालू असते तेव्हा त्याच्याकडून थोडे जास्तीचे काम करून घेऊन ते बॅटरीत ठेवले जाते.

ही युक्ती आपल्या भागाला परकी नाही. डिझेलच्या रेल्वे इंजिनात डिझेलने जनित्र फिरते आणि चाके विजेच्या मोटरींनी फिरतात. नाशिक रोडला रेल्वेच्या अशा कर्षण-मोटरींची दुरुस्ती करणारा कारखाना आहे. विजेची नवी रेल्वे इंजिने ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात. मोटारीत मात्र हे घराघरांत जायला वेळ लागला. १९०० सालच्या सुमारास फर्डिनांड पोर्श यांनी पेट्रोल आणि वीज जोडलेली गाडी बनवली होती. पण कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली पहिली हायब्रीड म्हणजे डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेली टोयोटाची प्रियस. आपल्याकडे २०२२ साली मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि होंडाची सिटी या गाड्या आल्या आणि हा शब्द टॅक्सीच्या अड्ड्यावर ऐकू येऊ लागला. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, टोयोटाच्या भारतीय कंपनीच्या नावातील ‘किर्लोस्कर’ हे घराणे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. त्यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली होती. असो.

आता यंत्राकडे. पुस्तकात दंतचक्रांचे एक चित्र होते. मध्ये एक चाक, भोवती छोटी चाके, त्यांच्याबाहेर कडे. सरांनी ते फळ्यावर काढून दाखवले, मी वहीत उतरवले आणि घरी जाऊन आण्णांपुढे ठेवले. मला ते समजावून सांगता येईना. आण्णा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “अगं, हे तर डिफरन्शियल आहे.”

मी दुसऱ्या दिवशी सरांना सांगितले. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अगदी बरोबर. तुझ्या वडिलांना म्हणावं, त्यांनी माझं काम केलं.”

मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी घ्या. गाडी गिअरमध्ये ठेवून मागची दोन्ही चाके जॅकवर उचलली आणि एक चाक हाताने पुढे फिरवले, तर दुसरे आपोआप मागे फिरते. हे टेम्पो चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. हायब्रीडमध्ये ‘एका चाकाच्या’ जागी रस्त्यावरची चाके आणि मोठी मोटर आहे, ‘दुसऱ्या चाकाच्या’ जागी एक लहान जनित्र आहे आणि मधल्या दांड्याच्या जागी इंजिन आहे. इंजिन स्तब्ध असेल तर गाडी मोटरवर पुढे जाते आणि जनित्र मोकळेच उलटे फिरत राहते. इंजिन सुरू करायचे तर तेच जनित्र त्याला फिरवून जागे करते. म्हणून वेगळा स्टार्टर नाही, आणि सुरू होतानाचा तो ओळखीचा खरखराट नाही. जनित्राला कमी-जास्त अडवून इंजिनाचा वेग चाकांच्या वेगापासून मोकळा ठेवता येतो. म्हणून गिअर बदलणे नाही, क्लच नाही. मागे जायचे तर मोटर उलटी फिरते. रिव्हर्स गिअरही नाही. टोयोटाच्या पद्धतीची रचना ही अशी आहे. होंडाच्या सिटीत निराळी आहे: तिथे बहुतेक वेळ इंजिन नुसते जनित्र फिरवते, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर एका क्लचने ते चाकांना जोडले जाते.

डिफरन्शियल म्हटल्यावर आण्णांची भीती निम्मी गेली. उरलेली कसारा घाटात होती.

इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईला जाणारे पुष्कळजण समृद्धी महामार्गाने जातात. पण सवारी कसाऱ्याची असेल तर जुना घाटच गाठावा लागतो. घाट चढताना आण्णांच्या गाडीचे इंजिन एकदम ओरडू लागे आणि ओरडतच राही, गाडीचा वेग मात्र वाढत नसे. जुन्या गाडीत याचा अर्थ एकच: क्लच प्लेट घसरते आहे. आण्णांनी एकदा भर घाटात बाजूला घेऊन बॉनेट उघडले. नसलेली क्लच प्लेट शोधण्याची ही त्यांची पहिली आणि शेवटची वेळ. उतरताना याहून चमत्कारिक गोष्ट होई. अर्ध्या उतारापर्यंत गाडी शांत असे आणि पुढे, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, इंजिन पुन्हा ओरडू लागे. “उताराला पेट्रोल पिते, मालकांना काय सांगू?” ही त्यांची खरी काळजी होती.

येथे मी हिशेब मांडून पाहिला. अशा गाड्यांची मोठी बॅटरी नावाने मोठी असली तरी आठ आसनांच्या गाडीतही तिची साठवण एक-दीड युनिटाची असते; लहान गाड्यांत एका युनिटाहूनही कमी. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ही बॅटरी पाव लिटर पेट्रोलाच्याही आतली. शिवाय ती टिकावी म्हणून संगणक तिला कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही. मधला निम्मा भागच वापरला जातो. आमची आई डाळीच्या डब्यात पैसे ठेवते. त्यातून दूधवाल्याचे भागते, पाहुणा आला तर साखर येते, पण त्यावर लग्न निघत नाही. बॅटरी हा असा डाळीचा डबा आहे.

आता घाट. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, कसारा सुमारे ३०० मीटर. सवारी आणि सामान धरून सव्वादोन टनांच्या आतबाहेरची गाडी ३०० मीटर वर न्यायची तर निव्वळ चढण्यासाठीच पावणेदोन युनिटांच्या जवळपास ऊर्जा लागते. डब्यात खर्चता येण्याजोगे अर्धे-पाऊण युनिट! थोड्याच वेळात डबा तळाला जातो आणि पुढचा सारा भार इंजिनावर पडतो. इंजिनाला जास्तीत जास्त शक्ती द्यायची तर जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि गिअर नसल्याने तो आवाज वरखाली न होता एकाच सुरात राहतो. इंजिन ओरडते ते आजारी म्हणून नव्हे, एकटे पडले म्हणून.

उतरताना हाच हिशेब उलटा. पावणेदोन युनिटांपैकी काही वारा आणि टायर खातात, तरीही उरलेली मिळकत डब्यात मावत नाही. डबा भरला की मोटर वीज करून गाडी अडवू शकत नाही. मग संगणक जनित्राकडून इंजिन नुसते फिरवून घेतो, पेट्रोल न देता. जुन्या गाडीत उताराला खालचा गिअर टाकून इंजिनाने गाडी धरतात, तेच हे. आवाज होतो पण पेट्रोल जात नाही. याच कामासाठी काही गाड्यांच्या दांड्यावर ‘बी’ अशी खूण असते, काहींत निराळे अक्षर. ती लांब उताराला लावावी, सपाटीला लावू नये. हे समजल्यावर आण्णांनी एक सव्वीस वर्षांची सवय सोडली. उताराला गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणारे चालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते धोक्याचे तर आहेच. पण हायब्रीडमध्ये न्यूट्रलला बॅटरी भरतच नाही, म्हणजे घाटाने फुकट दिलेले पैसे रस्त्यावर टाकून देण्यासारखे.

उभ्या गाडीत इंजिन आपोआप चालू होण्याचे कोडेही या डब्याचेच. वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असताना गारवा टिकतो. पण डबा कमी झाला की इंजिन येऊन भर घालते. त्र्यंबकच्या वाहनतळावर एसी लावून झोपणाऱ्या चालकांनी हे ध्यानात ठेवावे: ‘रेडी’ उजळलेली गाडी शांत असली तरी जिवंत आहे. तिच्यात लहान मुलाला एकटे बसवू नये, आणि बंदिस्त जागेत तिला तशी सोडू नये. सकाळी पहिल्यांदा निघताना बॅटरी भरलेली असली तरी इंजिन काही वेळ चालते, ते स्वतः तापण्यासाठी आणि धूर स्वच्छ करणारा भाग तापवण्यासाठी. त्यामुळे दोन-दोन किलोमीटरच्या तुटक फेऱ्यांत ही गाडी आपला गुण दाखवीत नाही.

शांततेचा तोटा पंचवटीत रोज दिसतो. काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्लीत माणसे गाडीच्या आवाजावर बाजूला होतात. आवाजच नाही म्हटल्यावर गाडी पाठीला टेकेपर्यंत कोणी हलत नाही. आण्णांना हॉर्न वाजवणे मुळीच आवडत नाही; पण आता वाजवतात, अगदी हलका, आणि काच खाली करून “मावशी, जरा” म्हणतात.

सरासरीची गोष्ट थोडी कडू आहे. मालकांकडे तशीच दुसरी गाडी आहे. तिच्यावरच्या चालकाचा लिटरमागचा आकडा आण्णांच्या आकड्यापेक्षा तीन-चार किलोमीटरने जास्त येई. मालक म्हणाले, हा फरक पगारातून धरावा लागेल. घरी त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही. मी वही काढली. दुसरी गाडी हॉटेलपासून देवळांपर्यंत, गावातल्या गावात फिरे; आण्णांची गाडी मुंबईला, समृद्धीवर ताशी शंभर-एकशेवीसने. साध्या गाडीला मोकळा रस्ता मानवतो आणि गर्दीत ती जास्त पिते. हायब्रीडचे जवळजवळ उलटे आहे. गर्दीत थांबण्या-निघण्यातून तिला बचत करता येते; एकसारख्या भरधाव वेगात वाचवण्यासारखे थोडेच उरते आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या चाचणीचे जे आकडे जाहिरातीत येतात, जसा २०२२ साली हायरायडर आणि ग्रँड विटारासाठी २७.९७ किलोमीटर, ते प्रयोगशाळेतील रोलरवर, ठराविक वेळापत्रकाने, ताशी ९० च्या वर न जाता मोजलेले असतात. समृद्धीवर ते शोधण्यात अर्थ नाही.

मी दोन महिन्यांच्या फेऱ्या दोन रकान्यांत लिहिल्या, गावातल्या वेगळ्या आणि लांबच्या वेगळ्या. आण्णांच्या गावातल्या फेऱ्यांचा आकडा दुसऱ्या चालकाच्या बरोबरीचा निघाला. आण्णा वही घेऊन मालकांकडे गेले. मालकांनी ती उभ्याउभ्याच चाळली, “पोरगी लिहिते का?” एवढेच विचारले आणि परत दिली. त्या महिन्यात पगार पुरता आला. आता आण्णा मुंबईला जाताना नव्वदच्या आसपास राहतात, आणि सिग्नल लांबून दिसला की पाय आधीच उचलतात, म्हणजे थांबण्याचे काम ब्रेकऐवजी मोटरला मिळते.

एक फजिती मात्र आमच्या स्वतःच्या चुकीची. वणीच्या गडाखाली नांदुरीला मुक्काम होता. रात्री आतला दिवा लागलेला राहिला. सकाळी बटण दाबले तर काच काळीठिक्कर. चार जणांनी मिळून धक्का मारला. धक्क्याने ही गाडी सुरू होतच नाही. कारण हायब्रीडमध्ये नेहमीची बारा व्होल्टची लहान बॅटरीही असते. ती इंजिन फिरवीत नाही, पण संगणकाला जाग आणून मोठ्या बॅटरीची कडी उघडणे तिचे काम. मोठी बॅटरी भरलेली असूनही लहान मेली तर सारे ठप्प. कपाटात पैसे आणि किल्ली हरवलेली. दुसऱ्या गाडीवरून तारा लावून लहान बॅटरीला वीज दिली आणि गाडी मिनिटभरात ‘रेडी’ झाली. अशी गाडी पुढची चाके रस्त्यावर ठेवून ओढूनही नेऊ नये, कारण चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार होते. आणि बॉनेटखालच्या नारिंगी तारांना अड्ड्यावरच्या कोणत्याही हौशी फिटरने हात लावू नये. त्यांतली वीज जीव घेऊ शकते. ज्या गाड्यांत मोठी बॅटरी आसनाखाली असते, तिथे हवेची जाळी असते. सवारीच्या पिशव्या आणि ओले टॉवेल नेमके तिथेच येतात. आण्णा ते हटवतात. का, ते सांगत बसत नाहीत.

या सगळ्याचा मी मराठीत एक पानाचा कागद केला. तो काचेपुढच्या खणात असतो. अड्ड्यावरच्या तिघांनी त्याच्या झेरॉक्स काढून नेल्या. त्यातले एक काका आठवड्याने कागद परत घेऊन आले. म्हणाले, “ताई, माझ्या गाडीवर हायब्रीड लिहिलंय, पण ती इंजिन बंद ठेवून एक पाऊलसुद्धा सरकत नाही. कागद चुकला की गाडी?” दोन्ही बरोबर होते. त्यांची गाडी सौम्य हायब्रीड आहे. तिच्यात लहान मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, सिग्नलला बंद झालेले इंजिन हलकेच सुरू करते आणि ब्रेकमधून थोडी वीज परत घेते. एकटीने गाडी ओढण्याचे बळ तिच्यात नाही. क्लच आहे, गिअर आहेत, घाटात कान लावून चालवता येते. त्यांच्यासाठी दुसरा कागद लिहायला घेतला आहे.